हुंकारा आणि बटण

“काका, आपला भवाडा म्हणजे तरी दुसरं काय? इंटरॅक्टिव्हच आहे की तो!”

हे वाक्य सिल्वासात, आमलीतल्या एका घराच्या गच्चीवर, दहा-बारा माणसांसमोर बोललं गेलं. बोलणारा मुलगा मला काका म्हणतो. त्याच्या वडिलांबरोबर मी हौशी नाटकं केली आहेत, तेव्हा नाव घेत नाही. भांडण त्याच्याशी नाही, त्याच्या म्हणण्याशी आहे. दिवसा तो मसाटच्या एका कारखान्यात कामाला जातो आणि रात्री सिनेमाची स्वप्नं बघतो. त्याला २ ऑगस्ट १९५४ वर, सिल्वासा पोर्तुगीजांकडून सुटलं त्या दिवसावर, सिनेमा करायचा आहे. साधा नव्हे. बघणाऱ्याच्या हातात मोबाइल, पडद्यावर प्रश्न : दमणगंगेला पूर आलाय, नदी ओलांडायची की थांबायचं? बोट टेकवा, गोष्ट तिकडे वळेल.

त्या संध्याकाळी मी गप्प बसलो. एक तर भजी गरम होती, आणि दुसरं म्हणजे मला उत्तर सुचायला दोन दिवस लागतात. आता सुचलंय.

आधी त्याची बाजू सांगतो, पाणी न घालता. तो म्हणतो, सव्वाशे वर्षं प्रेक्षक अंधारात तोंड मिटून बसलाय. दिग्दर्शक गुराख्यासारखा त्याला हाकतो आणि हा जातो. आजचं पोर सकाळपासून रात्रीपर्यंत अंगठ्याने निवड करतं. त्याला तीन तास हात बांधून बसवणं म्हणजे छळ. बघणाऱ्यांच्या बहुमताने गोष्ट पुढे सरकली तर ती कलेतली लोकशाही. आणि हे सगळं आपल्याला परकं नाहीच, कारण थाळीवरची कथा, तारपा, भवाडा यांत आपला माणूस कधी मुका बसला नाही.

हा शेवटचा मुद्दा मला टोचला. कारण तो अर्धा खरा आहे.

थाळीची कथा मी ऐकली आहे, खानवेलच्या पुढे, एका कोकणा आदिवासी घराच्या अंगणात. काशाची थाळी, तिच्या मधोमध मेणाने उभी चिकटवलेली काडी. सांगणारा त्या काडीवरून वरून खाली बोटं ओढतो आणि थाळीतून घूंऽऽ असा नाद निघत राहतो, भुंगा कोंडल्यासारखा. त्या नादावर कथा चालते. शेजारी बसलेला साथीदार ओळीचं शेपूट उचलून धरतो, आणि समोरची माणसं मधूनमधून म्हणतात, “हं.” हा हुंकारा. आपल्याकडे आजीने गोष्ट सांगताना हाच हुंकारा मागितला आहे. तो थांबला की आजी थांबायची आणि विचारायची, झोपलास का रे? हुंकाऱ्याशिवाय गोष्ट चालत नाही, हे त्या मुलाचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य.

पण हुंकारा काय करतो, ते त्याने नीट बघितलं नाही. “हं” जोरात आला तर सांगणारा तिथे रेंगाळतो. बायकांच्या बाजूने उसासा आला तर दुःखाचं कडवं लांबतं. पोरं पेंगायला लागली तर राक्षस जरा लवकर येतो. गोष्ट *कशी* सांगायची ते ऐकणारे ठरवतात, आणि क्षणाक्षणाला ठरवतात. *काय* घडायचं ते नाही. त्या अंगणात कुणीही हात वर करून म्हणालं नाही की आमचं बहुमत आहे, रावणाला सोडून द्या.

यावर तो म्हणेल (म्हणालाच), की कोकणांची रामकथा वाल्मीकीच्या रामकथेसारखी कुठे आहे? सांगणाऱ्यांनी ती बदललीच ना? बदलली, आणि छान बदलली. पण ती सांगणाऱ्याने बदलली, स्वतःच्या तोंडाने, दोनशे डोळ्यांसमोर, आणि उद्या गावात कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तो तिथेच राहतो. दोन शेवट तयार करून थाळीखाली झाकून ठेवले आणि श्रोत्यांना ‘डावा की उजवा’ विचारलं, असं तो करत नाही. तारप्याचंही तेच. भोपळ्याचा, बांबूचा तो लांबलचक तारपा घेऊन वाजवणारा मध्ये फिरतो, भोवती कमरेला हात घालून साखळी, पुढच्याच्या हातात घोळकाठी. तारपकऱ्याने सूर बदलला की पावलं बदलतात. आणि पावलं जोर धरू लागली की तारपकऱ्यालाही फुंकर वाढवावी लागते. तिथे कोण कुणाला हाकतंय ते सांगता येत नाही. याला त्या मुलाने ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणावं, माझी हरकत नाही. पण मग पडद्यावरच्या दोन चौकटींना दुसरं नाव शोधावं लागेल.

आणि भवाडा, आपला मुखवट्यांचा नाच. मुखवटा चढला की माणूस देव होतो. म्हातारी बाई आपल्याच पुतण्याच्या पाया पडते, कारण आत्ता तो पुतण्या नाही. रात्रभर संबळ वाजत राहतो, एकेक सोंग येतं, नाचतं, जातं. पुढचं सोंग कोणतं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ठाऊक असूनच सगळे जागे असतात.

‘मुका प्रेक्षक’ या आरोपाकडे वळतो. हा आरोप मराठी माणसाने ऐकून घ्यावा, याचंच मला नवल वाटतं. ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आलं, ते लिहिणारे गडकरी त्याआधी काही दिवस गेलेले. बालगंधर्व सिंधू झाले, दारुड्या सुधाकराची बायको. सिंधूची दैना चालू असताना, फाटक्या लुगड्यात ती उभी असताना, प्रेक्षागृहातून आरोळी उठायची : वन्स मोअर! आणि सिंधू पुन्हा गायची. नाटक थांबवायची ताकद होती त्या प्रेक्षकांत. पहाट होईपर्यंत खेळ लांबवायची ताकद होती. तरी एकाही रात्री कुणी ओरडलं नाही की सुधाकराची दारू सोडवा, सिंधूला वाचवा. तसा पर्याय दिला असता तर? पहिल्याच प्रयोगाला हजारभर माणसांनी तिला वाचवलं असतं, डोळे पुसून घरी गेली असती, आणि तिसऱ्या दिवशी नाटक विसरली असती. दारूबंदीच्या सभांमध्ये सिंधूचं नाव निघालं नसतं.

तमाशाबद्दल लिहीत नाही, विषय मोठा आहे. फडात दौलतजादा करणाऱ्याला मुका म्हणायची हिंमत ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर करावी.

आता यंत्र उघडून बघू. बघणाऱ्याने गोष्ट वळवायची ही कल्पना नेटफ्लिक्सने काढली असं आमच्या या तरुण मित्राला वाटतं, पण ती त्याच्या वडिलांपेक्षाही जुनी आहे. १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात राडुझ चिंचेरा यांनी ‘किनोऑटोमॅट’ दाखवला. १२७ खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला एक हिरवं आणि एक लाल बटण. सिनेमा मध्येच थांबायचा, निवेदक मंचावर यायचा आणि विचारायचा : शेजारची बाई अंगाला टॉवेल गुंडाळून दाराबाहेर अडकलीय, बायको येण्याच्या वेळेला नायक नोव्हाकने तिला घरात घ्यावं का? लोक बटणं दाबायचे, बहुमत मोजलं जायचं, गोष्ट पुढे. दोन प्रोजेक्टर एकाच वेळी चालू असायचे आणि नको त्या भिंगावर झाकण घातलेलं असायचं. एवढंच ते गुपित. आणि दोन्ही प्रोजेक्टरांवरचे फाटे पुढच्या प्रश्नापाशी येऊन पुन्हा एकत्र मिळायचे. सिनेमाच्या सुरुवातीलाच इमारतीला आग लागलेली दाखवली होती. तुम्ही लाल दाबा, हिरवं दाबा, शेवटी इमारत जळायचीच. चिंचेरांचा विनोद तोच होता. पोलादी पडद्यामागच्या देशातला माणूस जगाला सांगत होता की मतपेटी समोर ठेवली म्हणजे मत चालतं असं नाही. १९७२ मध्ये त्याच्याच देशातल्या सत्ताधाऱ्यांनी हा सिनेमा बंद केला, म्हणजे विनोद त्यांना कळला होता. आमच्या मित्राला तो कळला नाही. त्याने थट्टेचाच जाहीरनामा करून टाकला.

त्याआधी १९६१ मध्ये अमेरिकेत विल्यम कॅसल यांनी ‘मिस्टर सार्डोनिकस’च्या प्रेक्षकांना अंगठ्याचं चित्र असलेली कार्डं वाटली होती. खलनायकाला शिक्षा की दया? अंगठा वर किंवा खाली करा, मतं मोजू, त्याप्रमाणे शेवट दाखवू. दयेचा शेवट आजवर कुणाला सापडलेला नाही. तो चित्रितच झाला नव्हता, असं मानलं जातं. कॅसल सर्कशीच्या जातकुळीचा माणूस, त्याला सगळं माफ. पण त्याला प्रेक्षक पुरता ओळखता आला होता.

फाटे पुन्हा का मिळवावे लागतात? हिशेब करून बघा. दहा प्रश्न, प्रत्येकाला दोन उत्तरं, आणि प्रत्येक उत्तराने गोष्ट खरोखर वेगळी होणार असेल, तर दहाव्या प्रश्नानंतर १,०२४ वेगवेगळे प्रसंग लागतील. एकेक पाच मिनिटांचा धरला तरी नुसते शेवटच ८५ तासांचे. एवढा पैसा हॉलिवूडकडेही नाही, मसाटच्या पगारातून तर सोडाच. म्हणून बनवणाऱ्याला फाटे फोडायचे आणि हळूच जुन्या रस्त्याला आणून सोडायचे, हेच करावं लागतं. भिलाडकडून या नाहीतर वापीकडून या, उतरायचं सिल्वासालाच. यात बनवणाऱ्याचा लबाडपणा नाही, अंकगणिताची सक्ती आहे. पण मग त्याला स्वातंत्र्य म्हणू नका.

२८ डिसेंबर २०१८ ला आलेला ‘ब्लॅक मिरर : बँडरस्नॅच’ हा या प्रकारातला सगळ्यात गाजलेला आणि, मी मान्य करतो, सगळ्यात हुशार नमुना. सुमारे १५० मिनिटांचं चित्रीकरण, २५० तुकड्यांत कापलेलं. त्यात बघणाऱ्याला पहिला निर्णय काय घ्यायचा असतो माहीत आहे? नायकाने न्याहारीला दोनपैकी कोणतं पाकीट फोडावं! थोड्या वेळाने खरा प्रश्न येतो : कंपनीने देऊ केलेलं काम स्वीकारायचं का? तुम्ही ‘हो’ म्हटलंत, तर नायकाचा व्हिडिओ गेम आपटतो, त्याला शून्य तारे मिळतात, आणि सिनेमा तुम्हाला कान धरून मागे नेतो : चुकलात, पुन्हा निवडा. शाळेत मास्तर विचारायचे, “सहलीला यायचंय की गृहपाठ दुप्पट हवाय?” त्याच जातीचा हा पर्याय. ‘बँडरस्नॅच’ स्वतःच या सापळ्यावर बोट ठेवतो, म्हणून तो हुशार. त्याचं एकदा बोट ठेवून झालं की मागून येणाऱ्याला सांगायला काय उरतं? आपल्याकडे २०२२ मध्ये रणवीर सिंगला बेअर ग्रिल्सबरोबर सर्बियाच्या रानात सोडून प्रेक्षकांच्या हाती रिमोट दिला होता. ते बघून झाल्यावर घरातल्या कुणी जेवताना त्याबद्दल एक शब्द काढला असेल, तर मी सिनेमावर लिहिणं सोडतो.

डिसेंबर २०२४ मध्ये नेटफ्लिक्सने असले बहुतेक सगळे खेळ उतरवले आणि मे २०२५ मध्ये ‘बँडरस्नॅच’ही. ज्याला आमचा मित्र उद्याचा सिनेमा म्हणतो, तो दुकानदाराने फळीवरून काढून टाकला आहे. दुकानदाराने काढलं म्हणजे वस्तू वाईट ठरत नाही, हे खरं. पण ‘आजच्या पोरांना हेच हवंय’ हा दावा मात्र त्या रिकाम्या फळीपुढे जरा हळू आवाजात करावा. आणखी एक. २०१९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले संशोधक मायकेल व्हील यांनी युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्याचा आधार घेऊन नेटफ्लिक्सकडून स्वतःची नोंद मागवली, तेव्हा ‘बँडरस्नॅच’ बघताना त्यांनी कुठे काय निवडलं ते कंपनीने जपून ठेवलेलं निघालं. हुंकारा हवेत विरतो. बटण वहीत लिहिलं जातं.

बहुमताच्या लोकशाहीबद्दल मला एकच प्रसंग सांगायचा आहे. ‘सैराट’ मी २०१६ च्या मे महिन्यात मुंबईला, बहिणीकडे गेलो असताना, भरलेल्या थेटरात पाहिला. ‘झिंगाट’ला माणसं खुर्च्यांवर उभी होती, पडद्यासमोर नाचत होती, कुणी नाणी फेकली. मुका प्रेक्षक! आणि शेवटी, आर्ची-परशाला घरात मारलेलं असताना, त्यांचं पोर शेजारणीच्या घरातून परत येतं, आत जातं, रडत बाहेर येतं, लाल पावलं उमटवत. आवाज नाही, संगीत नाही. नाचणारं ते अख्खं थेटर दगड झालं होतं. दिवे लागले तरी माझ्या पुढच्या रांगेतली दोन पोरं उठली नाहीत. त्या क्षणी खुर्चीला हिरवं-लाल बटण असतं तर मी कोणतं दाबलं असतं? हिरवंच. तुम्हीही. आर्ची-परशा वाचले असते, आणि नागराज मंजुळे यांनी आमच्या तोंडावर जो प्रश्न फेकला तो आम्ही बोटाच्या टोकाने उडवून लावला असता. आपल्याला जे सोसवत नाही ते निवडायचं, असं बहुमत कधीच करत नाही. म्हणून कुणीतरी एकाने ते आपल्यासाठी निवडून ठेवावं लागतं आणि त्याचा राग सोसावा लागतो.

शेवट बदलण्याची हौस आपल्याला नवी नाही, हेही त्याला सांगायला हवं. ‘शोले’चा शेवट १९७५ मध्ये, आणीबाणीत, सेन्सॉरने बदलायला लावला. ठाकूर गब्बरला पायांखाली मारतो तो मूळ शेवट काढून ऐन वेळी पोलीस आणून उभे केले, आणि मूळ शेवट मोठ्या पडद्यावर बघायला जगाला २०२५ च्या बोलोन्या महोत्सवापर्यंत थांबावं लागलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रांझणा’ तमिळमध्ये पुन्हा लागला तो कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेला गोड शेवट लावून. मेलेला नायक कुंदन जिवंत. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि धनुष दोघांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली. पहिल्या वेळी सरकार, दुसऱ्या वेळी हक्क हाती असलेली कंपनी. ‘पर्यायी शेवट’ म्हटलं की प्रेक्षकाचं नाव पुढे केलं जातं आणि हात दुसऱ्याचाच असतो.

एवढं बोलल्यावर एक गोष्ट कबूल करतो, नाहीतर तो मुलगा मला सोडणार नाही. बघणाऱ्याने गोष्ट बदलावी, असं खरोखर झालेलं आहे. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरात. एकदा नाटक अन्यायाच्या शेवटापर्यंत दाखवतात. दुसऱ्यांदा सुरू झालं की प्रेक्षकांतून कुणीही “थांबा” म्हणून उठतो, पीडित पात्राच्या जागी उभा राहतो आणि स्वतः करून बघतो. बंगालात संजय गांगुली यांची १९८५ मध्ये सुरू झालेली ‘जन संस्कृती’ खेड्यापाड्यांत हे करत आली आहे. तिथे पर्याय आधी चित्रित झालेला नसतो. सावकाराचं काम करणारा नट उलट उत्तर देतो, गावची बाई घाबरते, अडखळते, पुन्हा बोलते. तिचा घसा कोरडा पडतो. नाटकवाल्यालाही ठाऊक नसतं पुढे काय होणार. हे जर आमच्या मित्राला करायचं असेल, तर माझं अंगण त्याला मोकळं आहे, मोबाइल घरी ठेवून ये म्हणावं.

राहता राहिला २ ऑगस्ट. २२ जुलै १९५४ ला दादरा, २८ जुलैला नरोली, आणि भर पावसात २ ऑगस्टला सिल्वासा सुटलं. त्या लढ्यात गोव्याची माणसं होती, आझाद गोमंतक दलाचे होते, संघाचे होते, आपापल्या वाटेने आलेले कम्युनिस्ट आणि वारली होते. आणि सुधीर फडके होते. सिनेमाची गाणी हातात असलेला, नाव झालेला संगीतकार. त्या मोहिमेला पैसे उभे राहावेत म्हणून पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला होता. पोर्तुगीज अधिकारी फिदाल्गो ११ ऑगस्टला शरण आला. मग सात वर्षं हा मुलूख वरिष्ठ पंचायतीने चालवला, पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेला, एप्रिल १९६० मध्ये निकाल लागला, आणि १९६१ मध्ये विलीनीकरणाच्या करारावर नेहरूंसमोर सही करता यावी म्हणून बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं इथलं पंतप्रधान व्हावं लागलं. असली गोष्ट कुठल्या पटकथाकाराने लिहिली असती तर निर्मात्याने त्याला हाकलून दिलं असतं.

इथून गेल्यावर फडके यांनी काय केलं? आठ महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ ला, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. माडगूळकरांचे शब्द, फडके यांच्या चाली, वर्षभरात ५६ गाणी. लोक रेडिओला हार घालून बसायचे. राम वनवासाला जाणार, हे त्यातल्या एकेकाला पाळण्यातच कळलेलं होतं. आठवडाभर ते थांबायचे, तो कसा जातो ते ऐकायला. ज्याने इथे, आपल्या चिखलात, स्वतःचा जीव पणाला लावून खरा निर्णय घेतला होता, त्याने पुढच्या वर्षी श्रोत्यांपुढे एकही निर्णय ठेवला नाही. त्यांना नुसतं ऐकायला लावलं. मला यात विसंगती दिसत नाही.

परवा तो मुलगा घरी आला. त्याने सिनेमाचा पहिला तुकडा मोबाइलवर बांधून आणला होता. चित्रं साधी, पण पाऊस छान टिपलाय. नदीकाठ, अंधार, चारपाच माणसं. खाली दोन चौकटी. ‘पाण्यात उतरा.’ ‘परत फिरा.’

मी ‘परत फिरा’वर बोट ठेवलं.

पडदा काळा झाला, क्षणभराने पुन्हा तोच नदीकाठ, तीच माणसं, त्याच दोन चौकटी.

“ते अजून करायचंय, काका,” तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “पण तिकडे करणार काय, तेच कळत नाहीये.”

मी “हं” म्हटलं.